जीपच्या पोटातली आंबील

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात खोपटेवाडीच्या विहिरीत बादली सोडली की खाली खडकावर ठण्ण वाजायची आणि वर यायची ती वाळू घेऊन. माणसं एका तांब्यात तोंड, हात आणि पाहुण्याचे पाय उरकत होती. अशा वक्ताला गावात एकच जीव असा होता, की जो एका खेपेला दोन हंडे पाणी ढोसायचा आणि वर तोंड करून आणखी मागायचा. तो जीव म्हणजे सूर्यभानची जीप.

जीप मिल्ट्रीच्या लिलावातली. नगरला घेतली तेव्हा सूर्यभानला कुणीतरी सांगितलं होतं की हिनं लढाई पाहिलीय. पाहिली असेल. पण लढाईतून पळून आलेल्या माणसासारखी तिची गत होती. पत्रा ठोकलेला, एक दिवा आंधळा, आणि बॉनेटखाली जी पाण्याची टाकी असते, इंजिन थंड ठेवायची, जिला शहाणी माणसं रेडिएटर म्हणतात, ती कुठून तरी गळायची. कुठून, ते सूर्यभानला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "गळत न्हाई ती. घाम येतो तिला. कष्टाळू हाय."

"तुला न्हाई येत त्यो कधी," त्याची बायको बनुबाई म्हणायची. ती तीन मैलांवरनं डोक्यावर पाणी आणत होती. तिला बोलायचा अधिकार होता.

रविवारी दिवस मावळताना सांगावा आला. सोमवारी नगरचे साहेब काष्टीला चावडीत बसणार. टँकर चार, गावं अठ्ठावीस. सरपंचानं जातीनं शिक्का घेऊन बारा वाजायच्या आत हजर व्हावं. बाराला साहेब यादी बंद करणार. यादीत नाव नाही, तर पाऊस पडेपर्यंत टँकर नाही.

काष्टी सहा कोस. बैलं छावणीत गेलेली. एस.टी. यायची दुपारी दोनला, तीही आली तर. पायी जाता आलं असतं. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याहून जास्त रोज चालत होत्या. पण सरपंच आप्पासाहेबांना चालणं शोभत नव्हतं. आप्पासाहेब म्हणजे इस्त्रीचं धोतर, कडक टोपी आणि आत फारसं काही नाही. निवडणुकीला ते दारोदार चालत आले होते, तेवढ्यावर त्यांनी पाच वर्षांचं चालून घेतलं होतं.

"सूर्यभान, तुझी गाडी काढ," ते म्हणाले. "टँकर आला तर तुझं नाव निघंल. न्हाई आला तर गाव तुझी जीप इहिरीत ढकलंल. रिकामीच हाय इहीर."

सूर्यभान हसला आणि लगेच जीपकडं वळला. कारण गावानं ती खरंच ढकलली असती.

सकाळी सहालाच त्यानं आमोसला बोलावून आणलं. आमोस ख्रिस्ती आळीतला. मिशनच्या कारखान्यात सतरा वर्षं फिटर होता. बोलायला गोड आणि इंजिनाला कडू. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि देवाचं नाव घेतलं.

"सूर्यभानराव, हे इंजिन हाय का चूल?"

"गळती कुठं हाय ते सांग."

"पाणी भरल्याबिगर कसं सांगू? कोरड्या टाकीला काय गळायचं?"

झालं. पाणी मागायला जायचं तर गाडी पाहिजे, गाडीला पाणी पाहिजे, आणि पाणी असतं तर मागायला कशाला गेलो असतो? सूर्यभान घरात गेला. बनुबाई एका घागरीवर हात ठेवून बसली होती, दरोडा पडणार असल्यासारखी.

"एकच घागर, बनू. गावासाठी."

"गावासाठी आन गाडीसाठी येगळं हाय."

"आज एकच हाय."

तिनं घागर दिली. बरोबर सात शिव्याही दिल्या. त्यातल्या तीन जीपला होत्या.

पाणी टाकीत ओतलं. आमोस जमिनीवर उताणा पडून खालून पाहू लागला. पाणी तर कमी होत होतं, पण थेंब काही दिसेना. इंजिनाला तीस वर्षांचं तेल आणि माती लागून सगळीकडे सारखाच काळा चिकटा. आणि जमीन इतकी तहानलेली, की थेंब पडायच्या आधीच जणू वर तोंड उघडून गिळत होती. ओलीचा डाग म्हणून नाही.

"खाली राख पसरा," आमोस म्हणाला. राख पसरली. वारा आला. राख आमोसच्या डोळ्यांत गेली आणि आप्पासाहेबांच्या धोतरावर. पाहायला जमलेल्या गावानं चाळीस सूचना केल्या. कुणी म्हणालं टायरातनं गळतंय.

तेवढ्यात छबूबाईची शेळी दावं तोडून आली. छबूबाई म्हणजे खडी फोडायला जाणाऱ्या बायांची मुकादम. जीभ तिच्या हातोडीपेक्षा जड. शेळी तिच्यावरच गेलेली. तिनं कुणाला विचारलं नाही, सरळ आमोसच्या छातीवर पाय देऊन जीपखाली घुसली, मान वाकडी केली आणि टाकीच्या बुडाशी, डाव्या कोपऱ्यात, जिथं रबरी नळी जोडलेली असते त्याच्या बोटभर वर, पत्र्याचा सांधा चपाचपा चाटायला लागली.

आमोस तिच्या पोटाखालून ओरडला, "सापडलं! सतरा वर्षांत असा फिटर पायला न्हाई!"

"तिची मजुरी द्या," छबूबाई म्हणाली.

"ती पिऊन बसली की!" सूर्यभान ओरडला आणि शेळीला ओढू लागला. शेळी सांधा सोडेना. शेवटी तिघांनी मिळून ओढली.

रोग कळला, पण औषध लांब होतं. सांध्याला डाग द्यायचा, म्हणजे टाकी उतरवायची, कथील वितळवायचं, दुपार गाठायची. सूर्य तर बोरीच्या वर आला होता.

आमोस म्हणाला, "ट्रकवाले करतात ते करू. चमचाभर हळद टाका पाण्यात. हळद फुगती, भोकात जाऊन बसती. काष्टीपर्यंत निभंल. चमचाभरच. जास्त न्हाई." आणि तो हात धुवायला पाणी शोधायला गेला. म्हणजे त्याला यायला वेळ लागणार हे उघड होतं.

इथं सूर्यभाननं ती चूक केली, जी आपल्याकडचा माणूस हमखास करतो. डॉक्टर एक गोळी म्हणाला की तो चार खातो, कारण एकीनं गुण येतो तर चारांनी चौपट येईल. चमचाभर हळदीनं निभेल? गावाचा टँकर अडकलाय, आणि चमचा? त्यानं मूठभर हळद टाकली. मग त्याला वाटलं, हळदीला धरायला काही तरी पाहिजे.

घरात एकच पीठ होतं. रेशनवरच्या मिलोचं. ती तांबडी, अमेरिकेहून आलेली ज्वारी. तिकडं जनावरं खातात म्हणे, इकडं माणसांना रांग लावून मिळायची, आणि वर उपकार. थापली तर भाकरी फुटायची, शिजवली तर टाळ्याला अशी चिकटायची की बोटानं खरवडावी लागायची. सूर्यभानच्या डोक्यात उजेड पडला. जे टाळ्याला चिकटतं ते पत्र्याला का नाही? त्यानं अर्धी पायली पीठ टाकीत ओतलं, वरून काडीनं ढवळलं आणि झाकण घट्ट लावलं. दहा मिनिटं खाली बसून पाहिलं. शेळीला परत आणून दाखवलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"थांबली!" तो आमोसला म्हणाला. पिठाचं बोलला नाही.

आप्पासाहेब पुढं बसले, शिक्का मांडीवर. मागं आमोस, आणि बायांच्या वतीनं छबूबाई. ती म्हणाली, "सरपंच तिथं जाऊन चहा पितील आन येतील. म्या येनार."

पाच कोस जीप राणीसारखी गेली. खाली एक थेंब नाही. सूर्यभान गाणं म्हणू लागला. सहाव्या कोसाला वास यायला लागला.

"कुणाच्या घरी शिजतंय?" आप्पासाहेब म्हणाले. आजूबाजूला एक घर नव्हतं.

"आंबीलीचा वास हाय," छबूबाई म्हणाली. "मिलोची. ह्यो वास म्या मेल्यावर बी वळखीन."

आमोसनं पुढं वाकून सूर्यभानच्या कानाकडं पाहिलं. कान तांबडा झाला होता.

"सूर्यभानराव. टाकीत काय घातलं?"

"हळद."

"आनि?"

"... वाईच पीठ."

"वाईच म्हंजे?"

बॉनेटच्या फटीतून एक पिवळा फुगा आला, फुटला, आणि दुसरा आला. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायाबापड्या खडी फोडत होत्या. त्या हातोड्या टाकून उठल्या. काही जणी भाकरीचं फडकं घेऊनच आल्या. आमोसनं झडप घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "गळती बंद झाली. पानी फिरायचं बी बंद झालं. सगळ्या नळ्यांत खीर बसली. आता चालू केलं तर इंजिनाचा दगड व्हईल."

साडेअकरा वाजले होते. काष्टी अजून मैलभर.

"आता?" आप्पासाहेब म्हणाले.

"आता चला," छबूबाई म्हणाली.

"पायी? साहेबापुढं धुळीच्या पायानं?"

छबूबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की टोपीची इस्त्री मोडली असती. मग ती खडीवाल्या बायांकडं वळली. "बायांनो, ह्या कामावर पानी कुठनं येतं?"

"येत न्हाई," एक म्हणाली.

"टँकर आमच्या वाडीला मिळाला तर त्याची वाट हीच हाय, तुमाला बी पानी मिळंल. ह्या माणसाला बारा वाजायच्या आत तिथं उभा करायचाय, आन त्याला पाय न्हाईत."

चाळीस माणसं जीपला भिडली. सूर्यभान चाक धरून, आप्पासाहेब शिक्का धरून. दोनदा त्यांना उतरा म्हटलं, ते ऐकू न आल्यासारखं समोर बघत राहिले. चढाला कुणीतरी ओरडलं, "जरा हलकं व्हा की सरपंच!" तेव्हा त्यांनी शिक्का मांडीवरून उचलून हातात घेतला.

चावडीपुढं जीप थांबली तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. आत साहेब बसलेले, घामेजलेले, आणि त्यांच्याजवळ एक कारकून. कारकुनानं दारातून जीप पाहिली, गावाचं नाव विचारलं, मग यादी पाहिली, आणि खोपटेवाडीवर पेन्सिल आडवी ठेवली.

"ह्या गावाला टँकर बसत नाही," तो म्हणाला. "गावात मोटारगाडी आहे. मोटारीला पाणी लागतं. म्हणजे गावात पाणी आहे."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेळीला जे कळलं होतं, ते दोन परीक्षा झालेल्या माणसाला कळत नव्हतं. आप्पासाहेब "तसं पाहिलं तर" म्हणाले आणि तिथंच थांबले. त्यांचं सगळं भाषण तेवढंच होतं.

आणि पहिल्यांदाच सूर्यभान आपल्या जीपविरुद्ध बोलला.

"साहेब, तिच्यात पानी न्हाई. एक थेंब न्हाई. भाहीर येऊन बघा."

"मग चालते कशावर?"

"चालत न्हाई. ह्या चाळीस लोकांनी आनली."

साहेब कंटाळलेलेच होते. उठून बाहेर आले. सूर्यभाननं बॉनेट उघडलं, खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळलं आणि टाकीचं झाकण फिरवलं. आधी भस्स झालं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग त्या तोंडातून तांबूस-पिवळी जाड आंबील सावकाश वर आली, इकडं-तिकडं पाहिल्यासारखी डोलली, आणि पुढच्या पत्र्यावरून घसरत खाली येऊन आप्पासाहेबांच्या जोड्यावर बसली. आप्पासाहेब त्या दिवसात पहिल्यांदाच चार पावलं चालले, आणि तीही उड्या मारत.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मिलो," छबूबाई म्हणाली. "तुमीच दिलेली. आमी खातो, आता गाडी बी खाती. पानी असतं तर पानी पाजलं असतं तिला. घ्या की, चव घ्या. वाईच मीठ कमी हाय."

चाळीस माणसं हसली. खडी फोडून फोडून सुजलेले हात कमरेवर ठेवून, पोट धरून हसली. साहेबांनी हसू दाबलं, ते नाकातून आलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"लिहा," ते कारकुनाला म्हणाले. "खोपटेवाडी, टँकर मंजूर. समक्ष पाहणी केली."

कारकून पेन्सिल धरून उभा. "साहेब, पाहणीत काय आढळलं म्हणून लिहू?"

"आंबील."

"अं?"

"वाहनाच्या टाकीत पाण्याऐवजी आंबील आढळली. ज्वारीची. लिहा. खाली सरपंचांचा शिक्का घ्या."

आप्पासाहेबांनी शिक्का मारला. एका पायावर उभं राहून.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. त्याच्यामागं दोराला बांधलेली जीप आली, आणि जीपमध्ये सूर्यभान, वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ. गावानं टँकरपुढं नारळ फोडला, जीपकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आमोस पान्हे घेऊन तयारच होता. त्यानं टाकी उतरवली आणि आतून खरवडायला बसला. आंबील वाळून वीट झाली होती.

"डाग देतो," तो म्हणाला. "पन आधी भरून बघाया लागंल. एक घागर पानी आना."

सूर्यभान बायकोकडं गेला. बनुबाईनं टँकरच्या नळाखाली घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.

"बनू, एकच!"

"पीठ हाय घरात," ती म्हणाली. "तेच घाल."