निळ्या काठाचा कप

आमच्या पाळणाघरात दोनच खोल्या होत्या आणि मधे कमरेएवढं लाकडी फाटक. अलीकडे बाटलीवाले, पलीकडे कपवाले. मूल सलग तीन दिवस कपातून दूध प्यायलं, की वहीत तसं लिहायचं आणि चौथ्या दिवशी त्याला फाटकापलीकडे सोडायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. बावीस वर्षं मी तो पाळला आणि एकदाच मोडला. आता ते पाळणाघर राहिलं नाही, पण रबरी बुचं उकळत ठेवलेल्या पातेल्याचा वास अजून नाकात आहे. त्या दुपारी मला फार आठवतात.

बाटली सोडवण्यात माझा हातखंडा होता. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही; बरं, थोडी फुशारकी म्हणूनच सांगते. आधी दुपारची बाटली बंद, मग सकाळची, झोपेची सगळ्यात शेवटी. कपात दोनच घोट घालायचे, म्हणजे सांडलं तरी आपला जीव जात नाही. हल्ली न सांडणारे कप निघालेत म्हणे. न सांडता कुणी काही शिकतं का?

मग ठिणगी आली. सव्वा वर्षाची, मूठभर जीव, आवाज मात्र सबंध इमारतीला पुरेल एवढा. पहिल्याच दिवशी तिने माझा चष्मा भिरकावला आणि ती माझ्यापुरती ठिणगी झाली. प्लास्टिकचा कप दिला, फेकला. स्टीलचा दिला, तोही फेकला. तीन आठवडे झाले तरी माझी डाळ शिजेना.

एका दुपारी पोरं झोपली होती. मी भिंतीला टेकून माझ्या कपातून चहा पीत होते. निळ्या काठाचा, कान तुटलेला, फार वर्षांपूर्वी घरून आणलेला. ठिणगी रांगत आली आणि त्याच्याकडे हात पसरून बसली. मी कप विसळला, दोन घोट दूध घातलं. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तळ दिसेपर्यंत प्यायली आणि माझ्यासारखंच पालथ्या हाताने तोंड पुसलं. वहीत मी लिहिलं, 'बाटली'.

दुसऱ्या दिवशीही तेच. असं अकरा दिवस चाललं. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगते. माझी लेक आठ महिन्यांची असताना मी इथे कामाला लागले. तिची बाटली सुटताना मी पाहिलंच नाही. मी तेव्हा लोकांच्या पोरांच्या बाटल्या सोडवत होते. एक दिवस घरी गेले तर सासूबाई म्हणाल्या, "सुटली गं." झालं, एवढंच. आणि या पोरीने पहिला कप माझ्यासमोर धरला होता. तिला पलीकडे पाठवायला माझं मन होईना.

बाराव्या दिवशी तिची आई न्यायला आली ती तोंड पाडून.

"मावशी, अजून बाटलीच?"

"हो ना."

"माझंच चुकतंय. आई घरी नसली की पोर मागे पडणारच, असं घरात सगळे ऐकवतात. मी नोकरी सोडतेय. उद्या संध्याकाळी राजीनामा देणार."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"उद्या चारला या," मी म्हणाले. "दुधाच्या वेळी. काय वाट्टेल ते कारण सांगा, पण या. आणि तोवर राजीनामा देऊ नका."

ती आली. मी कप तिच्याच हातात दिला. "तुम्ही पाजा."

ठिणगीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. पोरीने कप घेतला, रिकामा केला, पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"मावशी, बघितलंत?" तिची आई रडत होती की हसत होती, कळेना. "पहिल्यांदाच ना? अगदी पहिल्यांदा?"

"अगदी पहिल्यांदा," मी म्हणाले. "तुमच्या हातून."

या खोटेपणाची मला आजवर खंत वाटलेली नाही. पर्समध्ये लिहून ठेवलेला राजीनामा तिने माझ्यासमोरच फाडला. चौथ्या दिवशी ठिणगी फाटकापलीकडे गेली. मागे वळून बघायचं तिच्या गावीही नव्हतं. तासाभराने तिथल्या ताईंनी हाक मारली, "मावशी, तुमचा तो कप द्या हो, ही दुसऱ्या कशाला तोंडच लावत नाही." मी तो फाटकावरून दिला.

त्या संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "आई, आपली पोरगी कशातून प्यायला शिकली हो?"

"तुझ्या कपातून. सकाळी चहा पिऊन ओट्यावर ठेवून जायचीस ना, तो निळ्या काठाचा. दुसऱ्या कशाला तोंड लावायची नाही. मग एक दिवस तो कपच सापडेना. आठवडाभर ओट्याखाली उभी राहून मागायची बिचारी." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "गेला कुठे गं तो?"

"मी कामावर नेला होता," मी म्हणाले.