वरच्या हातातली दोरी

बळीरामने पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात धरला आणि लगेच काढला. रबराला माळ्यावरच्या गोणपाटाचा वास येत होता. नेरे गावातल्या या विहिरीच्या काठावर बसून त्याने हा उद्योग चौथ्यांदा केला होता.

"हवा येते ना, भावजी?" आशालताने विचारलं.

"येते," तो म्हणाला. हवा चांगली येत होती, छातीत मावत नव्हती एवढंच.

बंदरात जहाजांच्या बुडाशी काम करणारा हा पाणबुड्या नऊ वर्षं पाण्यात उतरला नव्हता. आता तो कंटेनर यार्डात गेटपास तपासायचा, आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं तरी वळसा घालून घरी जायचा. बायको, वेणू, त्याला हसायची. पण आशालताची मोटर दोर तुटून विहिरीच्या तळाशी कपारीत अडकली, वांगी सुकायला लागली आणि ती त्याच्या दारात येऊन उभी राहिली. महादेवच्या बायकोला नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. जुनं सामान त्याने तपासून घेतलं, सिलिंडर भरून आणला. पंचावन्न वर्षांचं काळीज तेवढं कोणी तपासून देत नव्हतं.

पाणबुड्याच्या कमरेला दोरी असते, तिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे, वरूनही एक देऊन कळलं म्हणायचं. तीन म्हणजे ओढ. दोरी हातातून सोडायची नाही, हा नियम. नऊ वर्षांपूर्वी बंदरात खाली त्याचा जोडीदार महादेव होता, वर बळीराम. चहा आला म्हणून त्याने दोरी लोखंडी कठड्याला बांधली. दोन घोटांपुरतीच. लोखंडाला हिसके कळत नाहीत. महादेवच्या मृत्यूच्या चौकशीत त्याने दोरी हातातच होती असं सांगितलं आणि लोकांनी ते मानलं.

आताही तो दोरी आंब्याला बांधायला लागला. "तुमच्यानं नाय धरवनार, वैनी."

आशालताने दोरी त्याच्या हातातून घेतली. "बांधून काय होतं, ते मला ठाव हाय."

त्याने विचारलं, "कधीपासून?"

"तेराव्यालाच. च्यावाला सांगून गेला."

"मग बोललात का नाय?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

तिने दोरी मनगटाला दोन वेढे घालून घट्ट धरली. पाण्याहूनही आता बळीरामला त्या हाताची भीती वाटली. पण माघारी फिरायला तोंड कुठलं? तो उतरला.

तीन परस, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतकं पाणी, खाली गार काळोख. श्वासाचा आवाज कानात घुमत होता. तिने सोडली तर? सोडली तरी तिला कोण काय म्हणणार? त्याने चाचपडत मोटर शोधली, तिला दुसरा दोर बांधला. मग एक हिसका दिला आणि डोळे मिटले.

वरून लगेच एक हिसका आला.

त्याने काही कारण नसताना पुन्हा दिला. पुन्हा आला.

तो वर आला तेव्हा आशालता पाण्यालगतच्या पायरीपर्यंत खाली उतरली होती. मनगटावर दोरीचे लाल वळ उठले होते. वेढे मात्र तसेच होते.

"आता सोडू?" तिने विचारलं.

बळीरामने नाही म्हणून मान हलवली. रेग्युलेटर तोंडातून काढला की बोलावं लागणार होतं, आणि त्याचा हात उठत नव्हता.