कडेवरचं नाणं

दादा गेल्यावर त्यांची पूल खेळायची काठी आणायला वहिनी पबात गेली ती मुद्दाम दुपारी, माणसं कमी असतील म्हणून. पण माणसं होतीच. पबात पूल खेळणाऱ्या पुरुषांना घर लागतं ते अंग टाकण्यापुरतं, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

हा खेळ ती जन्मात खेळली नव्हती, आणि तिला तो तोंडपाठ होता. दादा जेवायला बसले की ताटाशेजारी डाव मांडायचे. लिंबू म्हणजे मारायची पांढरी, मिठाची बाटली म्हणजे शेवटी घालायची काळी आणि चमचा म्हणजे क्यू, खेळायची काठी. "आता बघ हं, मी इथे, काळी तिथे, आणि मधे हा गाढव वायरमन," असं म्हणून ते लिंबू ढकलायचे. लिंबू घरंगळत तिच्या मांडीत यायचं आणि अन्न निवून जायचं. तिचा निम्मा संसार लिंबू उचलून देण्यात गेला.

टेबल मात्र ती आज पहिल्यांदाच बघत होती. एवढंसं तर होतं! हिरवं कापड जागोजागी जळलेलं, आणि एक बाजू खांबाला इतकी चिकटलेली की तिथून खेळायला अर्धी कापलेली काठी ठेवली होती. त्या काठीला सगळे बुटकी म्हणत. टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे सुटलेला प्रत्येक चेंडू शेवटी संडासाच्या बाजूच्या पॉकेटकडे ओढ घ्यायचा. या टेबलाभोवती मोठी माणसं डोळा बारीक करून फेऱ्या मारत, काठीच्या टोकाला खडू घासत, सुस्कारा टाकत आणि चुकत. चुकलं की आधी काठीकडे बघायचं, मग खडूकडे, मग मालकाकडे. स्वतःकडे बघायची तिथे पद्धत नव्हती.

आज कुणीच खेळत नव्हतं. मास्तर, वायरमन आणि आणखी दोघंतिघं टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसले होते, घरात प्रेत असल्यासारखे. टेबल स्वच्छ पुसलेलं होतं आणि त्याच्या लाकडी कडेवर एक नाणं होतं.

"हे कुणाचं?" वहिनीने विचारलं.

"दादांचं," वायरमन बोलून गेला. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत आणखी खाली सरकला.

मालकाने कोरडाच ग्लास पुसायला घेतला. "आम्ही हलवत नाही, वहिनी. नंबर त्यांचा आहे ना. परवा कुणी बाहेरगावचा विक्रेता आला आणि नाणं उचलायला गेला. हे सगळे एकदम उठून उभे राहिले. बिचारा अर्धा ग्लास टाकून पळाला."

"माणूस गेला तर नंबर रद्द होतो का, हा प्रश्न आहे," मास्तर घसा खाकरून म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झाल्यापासून पबाचे नियम सांभाळत. "नियमात तशी तरतूद नाही."

वहिनीला हसू आलं. दादा गेल्यानंतरचं पहिलंच हसू. पण ते ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं.

कारण नियम तिलाही माहीत होता. जिंकेल तो टेबलावर राहतो. ज्याला त्याच्याशी खेळायचं असेल त्याने कडेवर नाणं ठेवायचं. पाळी आली की तेच नाणं फटीत घालायचं, मग टेबलाच्या पोटातून चेंडू गडगडत बाहेर येतात. नाणं अजून कडेवर होतं. म्हणजे पाळी आलीच नव्हती.

आणि मास्तर तर घरी भेटायला आले तेव्हा तिचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "दोघं भाऊ खेळले हो, वहिनी. शेवटचा डाव एकत्र खेळले. हसत होते." त्या एका वाक्याच्या आधारावर ती रोज सकाळी उठून गॅस पेटवत होती.

दादा आणि धाकटा, दोघं भाऊ कित्येक वर्षं बोलत नव्हते. सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हाची गोष्ट. निभावतील, त्याला परगावाहून कशाला पळवायचं, असं दादांना वाटलं. त्यांनी फोन केला तोवर उशीर झाला होता. धाकटा आला तेव्हा पलंगावर धुतलेली चादर घातली होती. तो एवढंच म्हणाला, "मुद्दाम उशिरा कळवलंस." दादा म्हणाले, "मुद्दाम नाही रे." त्यापुढे एक अक्षर नाही. पुढे धाकटा याच गावात राहायला आला, तरी नाही. पब मात्र दोघांनाही सोडवला नाही. शनिवार दादांचा, बुधवार धाकट्याचा. दादांनी शनिवारी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालावा आणि बुधवारी धाकट्याने तो काढून टाकावा, एवढाच काय तो दोघांचा पत्रव्यवहार.

गेले त्या दिवशी दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "अहो, आज बुधवार आहे," ती म्हणाली. "ठाऊक आहे," ते म्हणाले. ती दारात उभी राहून त्यांना वळणापर्यंत बघत राहिली होती.

"मास्तर," वहिनी म्हणाली, "खेळले म्हणाला होतात."

मास्तर बुटांकडे बघू लागले.

"टेबलावर कोण होतं?"

"धाकटे आणि मी," वायरमन म्हणाला. "धाकट्यांची फक्त काळी राहिली होती. दादा आले. कुणाशी बोलले नाहीत. नाणं ठेवलं."

"काळी कुठे होती?"

"वहिनी, कशाला आता—"

"कुठे होती?"

"पॉकेटच्या तोंडाशी. फुंकर मारली असती तरी गेली असती." वायरमनने बोटाने ती जागा दाखवली. "धाकट्यांनी नाण्याकडे बघितलं. मग मारली. काळी गेली आणि तिच्यामागे पांढरीही गेली. पांढरी गेली की डाव गेला. क्यू ठेवली, कोट घातला, निघून गेले. मी जिंकलो! आयुष्यात एकदा जिंकलो, तेही असं."

"आणि हे?"

"थोडा वेळ उभे राहिले. मग 'आलोच' म्हणाले आणि मागच्या बोळात गेले. तिथे क्रेटवर बसले ते बसलेच."

वहिनीने खुर्ची ओढली. "भावजी येतात?"

"रोज येतात. कोपऱ्यात बसतात. क्यूला हात लावत नाहीत."

"मग थांबते."

धाकटा आला तेव्हा उन्हं उतरली होती. वहिनीला बघून तो दारातच थबकला. अंत्ययात्रेतही तो असाच मागे उभा होता आणि जवळ न येता निघून गेला होता. तिने ते दुःख समजून सोडून दिलं होतं.

"या भावजी. आमचा नंबर आहे."

"वहिनी, तू—"

"काठी घ्या."

"तसं पाहिलं तर टेबल वायरमनचं आहे," मास्तर पुटपुटले.

"सोडलं मी टेबल," वायरमन म्हणाला. "नियम घाला चुलीत."

तिने नाणं उचललं. खाली धुळीचं वर्तुळ उमटलं होतं, मालक नाण्याच्या भोवतीनं पुसत असणार. तिने ते फटीत घातलं. चेंडू गडगडले आणि सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या.

मालकाने काढून दिलेली दादांची काठी तिच्या हातात लाटण्यासारखी दिसत होती. पहिल्याच फटक्याला पांढरी उडून मालकाच्या स्टुलाखाली गेली. तेवढ्याने त्या माणसांना राहवेना. "वहिनी, कोपर आत!" "वहिनी, श्वास सोडून मारा!" "अरे त्यांना बुटकी द्या!" ज्यांना स्वतःला कधी धड खेळता आलं नाही ते सगळे तिला शिकवायला उठले. तिचा एक चेंडू रेंगाळत, घोटाळत संडासाच्या बाजूला गेला आणि पडला. वायरमनने टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले.

धाकटा मान वर न करता, भराभर खेळत होता. एकेक चेंडू गेला. शेवटी त्याची काळी उरली, पॉकेटच्या अगदी तोंडाशी.

"घाला भावजी," वहिनी म्हणाली. "या वेळी नीट घाला."

तो वाकला. क्यूचं टोक कापडावर टकटक वाजत होतं. त्याने एकदा श्वास घेतला, सोडला, आणि मारली. काळी गेली. पांढरी तिच्यामागून सावकाश निघाली, कडेशी जरा घुटमळली आणि आत पडली. टेबलाच्या पोटात ती गडगडत जाताना सगळ्यांना ऐकू आली.

"सुटली गं हातातून," धाकटा म्हणाला. "खरंच सुटली, वहिनी."

"त्या दिवशीही अशीच सुटली?"

त्याने क्यू टेबलावर आडवी ठेवली. "माहीत नाही. रोज आठवून बघतो. नाणं दिसलं, एवढंच आठवतं."

"आणि कोट घालून गेलात, ते?"

"ते मुद्दाम होतं," तो म्हणाला.

मास्तरांनी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पण तो सगळ्यांनाच माहीत होता. वहिनी जिंकली होती, टेबल तिचं होतं.

धाकट्याने खिशात हात घातला. चाचपून एक नाणं काढलं आणि लाकडी कडेवर, त्या धुळीच्या वर्तुळात, हलकेच ठेवलं. मग तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

वहिनीने नाण्याकडे पाहिलं. दादांच्या काठीचे पेचाने जोडलेले दोन तुकडे फिरवून सुटे केले, पिशवीत घातले, पिशवीचा बंद बांधला.

"आलेच हं," ती म्हणाली, आणि दार लोटून रस्त्यावर आली.