आपण रुपयांतच सांगायचं

...गरम मेण सांडलं तेवढ्या जागी दुकानातल्या चिठ्ठीचा कागद काळा पडला होता, आणि जितेंद्र तो काळा डाग नखाने खरवडत राहिला, जणू त्याखालून काही निराळा आकडा निघणार होता. बँकेच्या काउंटरच्या काचेपलीकडे सेवरीना उभी. मिंगेलची बायको, पोर्तुगालला लेकीकडे महिनाभर राहून परवाच मालवणात परतलेली. डॉक्टरला जीभ दाखवावी तसं तिने पासबुक उघडून काचेखालून सरकवलं होतं.

"जितू, माका समजाव रे. माझा खंय चुकला?"

चिठ्ठीवर एक आकडा, पासबुकात तोच, आणि त्याखाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी — परदेशी व्यवहाराचं शुल्क, त्या शुल्कावरचा कर. आणि चिठ्ठीवरचा आकडाच मुळात फुगलेला, हे तर तिच्या गावीही नव्हतं. तिकडे फातिमामातेच्या देवळाबाहेर एका दुकानात तिने मिंगेलच्या सुजलेल्या गुडघ्यासाठी नवसाचा मेणाचा पाय घेतला, मूठभर मेणबत्त्या घेतल्या. कार्ड घातल्यावर मशीनने विचारलं, युरो की रुपये. तिने रुपये दाबले. दुकानातल्या मशीनने मग आपल्या मर्जीचा भाव लावून युरोचे रुपये केले, आणि वर बँकेनेही आपला घास तोडून घेतला. युरो दाबले असते तर तो पहिला, मोठा घास तरी वाचला असता.

रुपये दाबायला सांगितलं कोणी होतं?

याच काउंटरवर, दोन महिन्यांपूर्वी, तिला कार्ड देताना त्यानेच... "मशीन विचारेल माउली, तेव्हा आपण रुपयांतच सांगायचं. आपले रुपये, आपला हिशेब. चिंता कसली करता?" — माउली! हा शब्द त्याने कीर्तनात कमावलेला. वीस वर्षं बुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहायचं, बुवांनी ओळ सोडली की अलगद झेलायची, खाली पडू द्यायची नाही. त्या झेलण्यातून गळ्याला जी ओल आली, ती सकाळी दहा वाजता काउंटरवर आपोआप यायची. माणसं त्या गळ्याकडे बघून सही करत. देवळाच्या दगडी गडग्यापाशी बसून कीर्तन ऐकणारी सेवरीनाही त्यातलीच. बुवांच्या मागे उभा राहणारा फसवणार नाही, एवढा साधा त्यांचा हिशेब.

रुपयांची मेख तेव्हा त्याला ठाऊक नव्हती, खरंच नव्हती. पण शुल्काचं? ते ठाऊक होतं. बँकेच्या ओरोसच्या बैठकीत वरून आलेले साहेब म्हणाले होते, विचारल्याशिवाय सांगू नका. आणि त्याने मान डोलावली होती, समेवर डोलवावी तशी.

"रॉविना माका म्हणता, मम्मी, तुका कळणा नाय तर कशाक दाबतंस? खरा आसा ता. चष्मो घरी रवलेलो." सेवरीना हसली. मग काचेजवळ तोंड आणून, गुपित सांगावं तशी — "तुझ्या आवशीच्या नावान पण एक मेणवात लावलंय हां तिकडे. बरी बाई होती ती."

आणि नेमकं तेव्हा... आत कुठेतरी काही तुटायला हवं होतं, हात जोडले जायला हवे होते. पण त्याच्या तोंडून, तशीच ओली, तशीच गोड, ओळ बाहेर पडली:

"मशीनवर तुमचं बटण चुकलं असेल, मावशी. होतं असं."

"तर! माझी बोटा जाड." तिने पासबुक पिशवीत टाकलं, हलकी झाल्यासारखी. "टोनी जाता सोमवारी, माझ्या भावाचो झील. तेका पण ह्याच कार्ड दी हां. मी सांगितलंय तेका, जितू सांगता तसा कर."

ती गेली. दुपारी डब्यातली सोलकढी त्याला तेलकट लागली. चूळ भरली, पुन्हा भरली. बँकेची किळस आली, साहेबांची आली, त्या बारीक अक्षरांची आली — कोण बसून लिहीत असेल एवढं बारीक, कोणाच्या डोळ्यांसाठी? पण प्रत्येक किळस थोडं फिरून परत यायची आणि त्याच्याच जिभेवर बसायची, साय बसावी तशी. शेजारच्या टेबलावरची दिव्या म्हणाली, "काय हो, आज गुणगुणत नाही?" तेव्हा त्याला कळलं, आपण रोज गुणगुणतो. कोणाकोणाला कार्ड देताना गुणगुणलो?

संध्याकाळी सहाला स्कूटर देवळाकडे न वळता सेवरीनाच्या अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाबाहेर, थांबली. खळ्यात मिंगेल स्टुलावर पाय ठेवून बसलेला. गुडघा तसाच सुजलेला. सेवरीना दारात आली.

"अरे जितू? आज कीर्तन नाय?"

"आसा."

"मगे?"

माडांपलीकडून बुवांचं नमन ऐकू आलं. ओळ सुटली. मागे कोणीच ती झेलली नाही. बुवांनी क्षणभर वाट पाहिली असावी, मग स्वतःच पुढे नेली.

"मावशी, ता बटण..." तो म्हणाला आणि थांबला. पुढची वाक्यं रांगेत उभी होती, सगळी तयार, सगळी गोड: गैरसमज झाला, नियमच तसा, अर्ज करून बघू. एकेक उचलून त्याने मनातच थुंकून टाकलं. सेवरीना वाट पाहत होती, न घाबरता, त्याच्यावर पूर्ण विसंबून — आणि दिवसभर नकोशी झालेली ती किळस आता आपल्याला सोडून जाईल आणि जिभेवर पुन्हा तीच गोड ओळ येईल की काय, याचीच त्याला भीती वाटू लागली.