आखूड दावं

"शेळीनं टप उलथवला, ताई. शेजारच्या आक्काबाईची शेळी. सुटली आन् शिरली आत," मनकर्णा बोलून गेली आणि तिची जीभ तिलाच जड झाली.

नीलांबरीताई पुण्याहून नुकत्याच परतल्या होत्या. तिसगावच्या वेशीवर त्यांची रोपवाटिका होती. टी ट्रीची, म्हणजे ज्याच्या पानांचं औषधी तेल निघतं त्या झाडाची इवली रोपं त्यांनी पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. जाताना त्यांनी राखणीला ठेवलेल्या मनकर्णाला बजावलं होतं, "मावशी, ट्रे कायम टपातल्या पाण्यात उभे ठेवायचे. ही रोपं एकदा सुकली की पुन्हा जीव धरत नाहीत."

पण टँकरच्या वाटेकडे डोळे लावून जन्म काढलेल्या बाईला पाणी नुसतं साचलेलं बघवतं होय? ज्वारी बिचारी दवावर पोसते, आणि यांचे एवढे लाड! मनकर्णानं पाणी उपसून कढीपत्त्याला घातलं. वैशाखातल्या एका दुपारीच रोपं करपली. सावलीतला एक ट्रे तेवढा वाचला.

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या मावशी. तुम्ही होतात म्हणून एक तरी वाचला." मनकर्णाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

संध्याकाळी फाटकात आक्काबाई उभी. डोक्यावर हंडा, टँकरच्या पिण्याच्या पाण्याचा.

"ताई, माज्या शेळीनं लई नुकसान केलं म्हनं. आखूड दाव्यानं बांधलीय आता. दुसरं काय देनार? पानी आनलंय." ती वाकून टपात पाणी ओतू लागली.

मनकर्णाला ते बघवेना. "थांब आक्काबाई. तुज्या शेळीनं काय बी केलं न्हाई. पानी म्याच उपसलं. वाया चाललंय वाटलं. आन् खोटं बी मीच बोलले."

नीलांबरीताईंनी तोंड फिरवलं. आक्काबाईच्या हातात हंडा तसाच राहिला. आता ही उरलेलं पाणी घेऊन जाणार, असं मनकर्णाला वाटलं. पण तिनं तेही ओतलं.

"रोपांनी काय घोडं मारलंय?" एवढंच म्हणाली.

मनकर्णानं रिकामा हंडा तिच्या हातून घेतला आणि खाली मान घालून तिच्या मागं चालू लागली. आक्काबाई नको म्हणाली नाही, ये म्हणाली नाही.

आक्काबाईच्या दारात शेळी मान वाकडी करून उभी होती. मनकर्णा हंडा ठेवून दाव्याची गाठ सोडायला बसली. गाठ सुटली तरी शेळी जाईना. तिचाच हात चाटत राहिली.