गडहिंग्लजची पाटी

साहेब, तुम्ही आमच्या गेममधली पाटी मोडलीत, आणि वर ती मोडलीच नाही म्हणून सांगत फिरताय. मोडली. मी बघितली, माझ्या बहिणीनं बघितली, माझ्या दोस्तानं, निसारनं बघितली, आणि तुम्ही स्वतः मोठ्या पडद्यासमोर उभं राहून हसत हसत ती मोडतोड बघितलीत. आता साक्षरतेच्या वर्गांना कळवताय की आमचा गेम अनधिकृत आहे, काढून टाका. म्हणून हे लिहितोय. शुद्धलेखन कुणाकडून तपासून घेतलेलं नाही. समजेल तेवढं समजून घ्या, बाकीचं विचारा.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्ही पहिल्यापासून कधी ऐकूनच घेतलं नाहीत.

माझी आत्ती, तानूबाई, कसबा बावड्यात एका खानावळीत भाकऱ्या थापते. तिची लेक गडहिंग्लजला दिलेली. लेक बाळंत झाली, तशी आत्ती डिंकाचे लाडू बांधून स्टँडवर गेली. आधी कोण ना कोण तिला गाडीत बसवून द्यायचं, त्या दिवशी एकटीच. अक्षर तिला तेव्हा एकच येत होतं, ग. गडहिंग्लजचा ग. समोरच्या गाडीच्या पाटीवर ग दिसला आणि ती चढली. गाडी गगनबावड्याची. गर्दीतनं वाट काढत कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला तोवर कळं गाव मागं पडलेलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, पाटी वाचायची की वो. आत्ती म्हणाली, वाचली की, ग होता. अख्खी गाडी हसली. तिला रस्त्यातच उतरवलं. संध्याकाळी ती लाडवांचा डबा तसाच घेऊन घरी आली. आम्हाला सांगताना ती बी हसत होती. पण दुसऱ्या दिवशी आमच्या विहारात प्रौढांचा वर्ग चालतो तिथं जाऊन पहिल्या रांगेत बसली.

गेम त्यातनं निघाला. नाव ‘पाटी’. मी बांधला, प्रीतीनं, म्हणजे माझ्या बहिणीनं चित्रं काढली, आणि जिथं माझं डोकं चालेना तिथं निसार शिकलगार. आम्ही तिघं कुठल्या कॉलेजात हे शिकलो नाही, ते तुम्ही भाषणात कौतुकानं सांगितलंत, नंतर टोमणा म्हणून बी सांगितलंत. गेम साधा. तुम्ही स्टँडवरचे कंट्रोलर. माणसं येतात, कुठं जायचंय ते सांगतात. गाड्या लागतात. पाटी वाचायची आणि माणसाला बरोबर गाडीत बसवायचं. गगनबावडा आणि गडहिंग्लज मुद्दाम एकामागोमाग. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी आपापल्या भागातल्या गावांची नावं स्वतः टाइप करून टाकायची, हा त्यातला जीव. आणि सुरुवातीला खेळणाऱ्यानं आपलं नाव टाकायचं, ते खाकी शर्टाच्या बिल्ल्यावर उमटतं. वर्गातल्या बायकांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तो बिल्ला. शालूबाई म्हणून एक आहेत, त्या गेम खेळायच्याच नाहीत, नुसतं नाव टाकून बघत बसायच्या.

गेम ज्या सॉफ्टवेअरात बांधतात त्याला इंजिन म्हणतात. आमचं इंजिन ओपन सोर्स. कुणीही घ्यावं, उघडून आत बघावं, खुपलं तर दुरुस्त करावं आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. तुम्ही त्याला पहिल्या भेटीपासून ‘फुकटचं’ म्हणत आलात. फुकटचं म्हणजे काय ते कोल्हापूरच्या माणसाला शिकवू नका. ओळखपाळख नसताना लग्नाच्या पंगतीत बसून तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो तो फुकट्या. आमचं तसं नव्हतं. त्या इंजिनात बी सुरुवातीला ‘हिं’वरचा अनुस्वार वरनं कापला जायचा. निसारनं आत शिरून ते कुठं होतंय ते हुडकलं आणि दुरुस्ती करून पाठवली. ते इंजिन सांभाळणाऱ्या, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी ती परत पाठवली. असं नको, पुरावा दे, ह्यानं दुसरी लिपी बिघडतीय. निसारनं शिव्या घातल्या, त्या आम्हाला, त्यांना नाही. परत केली, परत पाठवली. शेवटी घेतली. तिथं भांडता येतं साहेब, एवढंच मला सांगायचंय. भांडून जागा मिळते. आज नेपाळात बसून कोण त्यात गेम बांधत असेल तर त्याचा अनुस्वार कोल्हापूरच्या एका टेलरच्या पोरानं बसवलाय.

मग तुमच्या साक्षरता खात्याची गेमची स्पर्धा आली. आमचा गेम निवडलात, ते कबूल. बक्षीस म्हणून तुमच्या खात्याच्या नव्या केंद्रात वर्षभर बसायला जागा. टेबलं, नवे कॉम्प्युटर, एसी. निसारच्या घरी खोली एकच, तीत वडिलांचं शिलाई मशीन. मशीन चालू झालं की लॅपटॉप थरथरतो, म्हणून वडील गिऱ्हाइकाकडं मापं घ्यायला गेले की हा काम करायचा. त्याला ती खुर्ची किती हवी होती ते मला माहीत आहे. अट तेवढी एक होती, ती तुमच्या समन्वयकांनी, अमरसिंहसाहेबांनी, तोंडी सांगितली. केंद्राच्या दारावर ज्या कंपनीची पाटी आहे तिच्याच परवान्याच्या इंजिनात गेम नव्यानं बांधायचा.

बांधला. अडून बसलो नाही. सगळा पावसाळा त्यात घातला.

पहिल्यांदा चालवला तेव्हा गगनबावड्याची गाडी झोकात आली. पाटी स्वच्छ. त्यात जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही, मोडायला काही नाहीच. मागनं गडहिंग्लजची आली. ‘हि’ची वेलांटी ह ला सोडून पुढच्या ग ला चिकटलेली, ‘ग्ल’ फुटून ग एकीकडं लंगडा आणि ल एकीकडं. गडहगिं लज. कोल्हापुरातल्या ‘ल्ह’चं बी तेच. प्रीती म्हणाली, दादा, ह्यात माझं नाव टाकू नको, मला बघवणार न्हाय.

कंपनीला लिहिलं. उत्तर गोड आलं, विषय विचाराधीन आहे म्हणून. आमच्याआधी बंगाली, मल्याळी, कोण कोण लिहून बसलेले, त्यांनाही विचाराधीनच. आत शिरून बघावं तर कुलूप. पाणी कुणी प्यायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, हे आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. आता अक्षराला बी परवानगी लागणार व्हय? अमरसिंहसाहेब म्हणाले, पाट्यांची चित्रं काढून चिकटवा. मग बाईंनी टाइप केलेल्या गावाचं काय करायचं? आणि बिल्ल्यावरच्या नावाचं? प्रीतीनं जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईचं नाव रंगवत बसायचं काय?

तुम्ही निरोप पाठवलात, एवढ्यातेवढ्यावरनं अडू नका, लोक समजून घेतात.

लोक कसं समजून घेतात ते सांगतो. आम्ही आत्तीला केंद्रात आणलं. तोवर ती आमच्या जुन्या गेममध्ये पक्की झालेली. माझ्या आधी पाटी वाचायची आणि मला म्हणायची, झोपलास व्हय रं. चाकाच्या खुर्चीत ती पदर सावरून बसली. पडद्यावर पहिलाच माणूस आला, गडहिंग्लजला जायचंय म्हणाला. दोन गाड्या लागल्या. आत्तीनं दोन्ही पाट्या निरखून बघितल्या. एकीवर धड अक्षरं, ग नं सुरू होणारी. दुसरीवर मोडकातोडका बाजार. तिनं माणूस गगनबावड्याच्या गाडीत बसवला. चुकल्याची शिट्टी वाजली. परत केलं, परत शिट्टी. मग तिनं हात मांडीवर काढून ठेवला.

“मला वाटलं हुतं आलं म्हणून,” ती म्हणाली. “आलं न्हाय.”

मी म्हणालो, आत्ती, तू चुकली नाहीस, मशीन चुकतंय.

“कंपनीचं हाय न्हवं ते?” ती म्हणाली. “मग मीच चुकलो असणार.”

त्यानंतर ती वर्गाला गेली नाही. भाकऱ्या जास्त आहेत म्हणाली. भाकऱ्या रोजच्याएवढ्याच होत्या.

मी ठरवलं, केंद्राच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर जुना गेमच दाखवायचा, तिथली जागा गेली तर गेली. निसारला चहाच्या गाड्यावर सांगितलं. तो म्हणाला, “तुझं काय जातंय, भावा? तुला पाठ टेकायला भिंत तरी हाय घरात.” त्याचं म्हणणं, पाट्या तूर्त इंग्रजीत लिहू, वर्ष काढू, पुढचं पुढं. मी म्हणालो, इंग्रजी पाट्यांवर आत्तीला मराठी कोण शिकवणार, तुझा एसी? हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला. तुमच्या उद्घाटनापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन मित्रांत तुमच्या एका अटीनं एवढं केलं, तेही हिशोबात धरा.

उद्घाटनाचं तुम्हाला आठवत असेल, पण तुमच्या बाजूनं. आमच्या बाजूनं असं झालं. पाहुणे बसलेले. निसार नीट बोलतो म्हणून तुमच्या लोकांनी त्याला कीबोर्डवर बसवलेलं, पडद्यावर कंपनीच्या इंजिनातला गेम. तुम्ही म्हणालात, आपलं नाव टाक, मराठीत टाक, पाहुण्यांना दिसू दे. त्यानं टाकलं. पडद्यावर हातभर अक्षरांत आलं, ‘नसिार’.

तुम्ही मोठ्यानं वाचलंत. नसीर, नासीर, काय असेल ते, सगळं एकच. पाहुणे हसले.

निसार हळू आवाजात म्हणाला, “निसार, सर.”

“अरे, कळतं की लोकांना,” तुम्ही म्हणालात. “वेलांटी इकडची तिकडं झाली म्हणून काय जग बुडतंय?”

निसारनं खिशातनं पेनड्राइव्ह काढला. त्याच्याकडं तो आहे हे मला माहीत नव्हतं. घरनं निघतानाच त्यानं जुना गेम भरून आणलेला, आणि शेवटपर्यंत तो बाहेर काढायला लागू नये असं त्याला वाटत होतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं तो लावला. नाव टाकलं. खाकी शर्टावर ‘निसार’ उमटलं, सरळ, जिथली वेलांटी तिथं. मग गाडी आली आणि गडहिंग्लजची पाटी आली, अनुस्वारासकट. मागच्या रांगेतनं कुणीतरी ती वाचली. नुसतीच वाचली, मोठ्यानं.

तुम्ही अमरसिंहसाहेबांना प्रोजेक्टर बंद करायला लावलात. ते क्षणभर थांबले, हेही मी बघितलं. मग त्यांनी बंद केला. तुम्ही आम्हाला बाजूला घेऊन म्हणालात, केंद्रात बसायचं असेल तर हे फुकटचं इथं चालणार नाही, ठरवा.

निसारनं गळ्यातलं केंद्राचं ओळखपत्र काढून तुमच्या हातात दिलं. “फुकट तुमची खुर्ची हुती, सर,” तो म्हणाला. “हे मोकळं हाय.”

बाहेर आल्यावर मी त्याला चहा विचारला. तो म्हणाला, आता पुरा पाज, मागचा अर्धा राहिलाय.

आता निसार दुपारी विहारातल्या वर्गात बसून काम करतो. तिथं एसी नाही, मशीनही नाही. गेम आम्ही नेटवर टाकला, त्याच्या सगळ्या कोडसकट, ज्याला हवा त्यानं घ्यावा. गडहिंग्लजच्या नजीराबाई वर्ग चालवतात, त्यांनी घेतला आणि सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावांची नावं भरली. त्यांच्या वर्गातल्या बायका संकेश्वरची गाडी ओळखायला लागल्या. मी आत्तीला ते सांगितलं. ती म्हणाली, मग मी बी एकदा बघतो, आणि गेली वर्गाला.

तेवढ्यात तुमचं फर्मान निघालं. अनधिकृत सॉफ्टवेअर, धोकादायक असू शकतं, वर्गातून काढावं. नजीराबाईंनी फोन केला, आवाज पडलेला. त्यांच्या वर्गाला मान्यता तुमची, त्या काय करणार? काढला. आमच्या विहारातल्या मॅडमनीही काढला. आत्ती परत घरी. मला विचारते, “त्यो बी चुकीचाच निघाला व्हय रं?”

तर आता उत्तर द्या. अनधिकृत म्हणजे कुणाच्या अधिकाराबाहेर? अक्षर नीट दिसायला कुणाची सही लागते? तुमच्या परवान्याच्या इंजिनात काय आहे ते तुम्हाला बी बघता येत नाही. आमच्यातली एकेक ओळ उघडी आहे. त्यातली धोक्याची ओळ कुठली, बोट ठेवून दाखवा. अमरसिंहसाहेबांना आणा, कंपनीचा माणूस आणा, आम्ही विहारात सतरंजी टाकून ठेवतो. दाखवता येत नसेल तर नजीराबाईंना कळवा, फर्मान मागं घेतलं म्हणून.

आणि तानूबाईला, तू चुकली नव्हतीस, हे तुम्ही कधी येऊन सांगताय? मी सांगून थकलो, तिला ते पटत नाही. तुमच्या तोंडून पटेल. तारीख कळवा.