उचलून नेण्याचं घर

फाटक

दुबईत अल कुसैसमधल्या वर्कशॉपचं फाटक दहा फुटांचं. किसनने बांधलेलं लाकडी घर बारा फुटांचं. लॉरीवाला अक्रम दोन्हीकडे बघून म्हणाला, "उस्ताद, आता तुम्हीच राहायला या यात."

मिसेस ॲलीन हसल्या नाहीत. घर त्यांनीच करायला दिलेलं. बार्बाडोसच्या, निवृत्त शिक्षिका. आज तीस नोव्हेंबर, त्यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. पाच वाजता दुबईतले चाळीसेक बार्बेडियन बागेत जमणार होते. तिथे उभं राहिलेलं घर त्यांची एक्क्याण्णव वर्षांची आई व्हिडिओवर बघणार होती. ती असल्याच घरात जन्मलेली.

"कोपरे सुटे ठेवा, असं ड्रॉइंगमध्ये होतं," त्या म्हणाल्या.

किसनने ते वाचलं होतं. पण सांधा हलला तर सुतार कसला? त्याने चारही कोपरे सरस लावून, वर खिळे ठोकून पक्के केले होते.

छप्पर

नुसतं बसवलेलं. दोन पाख्यांत उतरलं.

दुपारचा दीड वाजला होता, म्हणजे तिकडे बार्बाडोसला पहाटेचे साडेपाच. आई जागीच होती. फोनवरून भराभर बोलू लागली. इंग्रजीच, पण किसनला एकही शब्द कळेना.

"ही आमची घरची बोली, बेजन," मिसेस ॲलीन म्हणाल्या. "शाळेत बोललं की मार बसायचा. पुढे मी शिक्षिका झाले, तर मीही मुलांना गप्प केलं."

किसनला कुडाळची शाळा आठवली. मालवणीत उत्तर दिलं म्हणून हातावर बसलेली पट्टी.

भिंती

"काय सांगतायत त्या?"

"जमीन मळेवाल्याची, घर आमचं. मालकाशी बिनसलं की सकाळी भिंती उतरवायच्या, गाडीवर घालायच्या, रात्री नव्या जागी त्याच घरात झोपायचं. तिच्या लहानपणी चार वेळा."

किसन करवत धरून उभाच राहिला. बावीस वर्षांत अल मनखूल, सोनापूर, शारजा, किती खोल्या सोडल्या. दर वेळी एक बॅग. घरही सोबत नेता येतं, हे त्याच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

"मागली भिंत आधी. दाराची शेवटी. माझी आजी शेवटपर्यंत आत बसून राहायची," मिसेस ॲलीन म्हणाल्या.

खिळे उपटून त्याने स्वतःच बांधलेल्या कोपऱ्यावर करवत ठेवली.

एक कोपरा.

दुसरा.

तिसऱ्याला हात थांबला. चार दिवस घासून बसवलेला सांधा. "यल्ला, चला उस्ताद, तीन वाजले," अक्रम म्हणाला. किसनने कापला. मग चौथाही.

मग कपाटाच्या खणातून दारांच्या कड्या काढून प्रत्येक कोपऱ्याला तीन-तीन लावल्या. लॉरी फाटकातून निघाली, तेव्हा भिंती पाटांसारख्या एकावर एक निजल्या होत्या.

पाया

नव्हता. बागेतल्या गवतावर रचलेले दगड, बस्स.

आई फोनमधून सगळ्यांना हाकारत होती, "वन्ना, वन्ना!" म्हणजे तुम्ही सगळे. त्यात आपण आणि अक्रमही आलो, हे किसनला न विचारता कळलं. कोट घातलेले बँकवाले, एक नर्स, दोन पायलट भिंती धरून उभे राहिले. किसन कड्या घालत गेला. पाचला सात मिनिटं असताना छप्पर चढलं.

"आई म्हणते, खालून दाखव."

किसन गवतावर पालथा झाला आणि फोन जमिनीलगत धरला. घराखालून पलीकडचं ऊन आरपार येत होतं. लोकांचे बूट दिसत होते. एवढं मोठं घर, आणि जमिनीला कुठेच चिकटलेलं नव्हतं.

 किसनने फोन हळूच पुढच्या दगडाकडे सरकवला.